याक्यू : जपानचं बेसबॉल आणि दोन किनाऱ्यांमधली माणसं

धागाकर्ती : सायली_तोक्यो

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता. मी अकरा वर्षांपासून तोक्योत राहते, निशी-कासाईजवळ. पहिल्या उन्हाळ्यात ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळे जण टीव्हीसमोर उभे असायचे आणि पडद्यावर डोकी भादरलेली शाळकरी मुलं बेसबॉल खेळत असायची. हरलेली मुलं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरायची. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेजारच्या टेबलावरच्या साठीच्या साहेबांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. तिथून माझं वाचन सुरू झालं.

जपानीत बेसबॉलला 'याक्यू' म्हणतात. 'या' म्हणजे माळ, मोकळं रान, आणि 'क्यू' म्हणजे चेंडू. हा शब्द १८९४ मध्ये चुमान कानाए नावाच्या खेळाडूने घडवला. खेळ मात्र त्याआधी बावीस वर्षं आला होता. १८७२ मध्ये होरेस विल्सन हा अमेरिकन शिक्षक तोक्योत शिकवत होता. मेन राज्यातला माणूस, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढून आलेला. वर्गात बसून बसून मुलं आंबून जातात असं वाटल्याने त्याने त्यांच्या हातात बॅट आणि चेंडू दिला. त्या शाळेचं पुढे तोक्यो विद्यापीठ झालं. तोक्योच्या 'कान्दा' भागात तिच्या जुन्या जागेवर चेंडू घट्ट धरलेल्या हाताचं एक शिल्प आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाऊस होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि मी बराच वेळ तिथे उभी होते.

नंतर हिराओका हिरोशी बॉस्टनला रेल्वेचं तंत्र शिकून परतला तो बेसबॉलचं वेड घेऊनच. १८७८ मध्ये त्याने रेल्वेच्या लोकांना जमवून शिंबाशी क्लब काढला. हा जपानातला पहिला संघटित संघ.

आता १८९६ सालाकडे येते, कारण इथे गोष्ट बदलते. योकोहामातल्या परदेशी वस्तीत गोऱ्यांचा एक क्लब होता. त्याच्या मैदानावर जपान्यांना मज्जाव. तोक्योच्या 'इचिको' या विद्यापीठपूर्व उच्च शाळेची मुलं कित्येक वर्षं 'आमच्याशी एक सामना खेळा' म्हणून विचारत होती आणि नकार ऐकत होती. शेवटी २३ मे १८९६ रोजी सामना ठरला. निकाल : इचिको २९, योकोहामाचा क्लब ४. क्लबाला हे पचलं नाही. बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकांवरचे खलाशी संघात घेऊन परत सामने झाले, त्यांतलेही पुढचे दोन इचिकोनेच मारले. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, अमेरिकन मंडळी कशीबशी १४-१२ ने जिंकली. त्या काळात जपान परकीयांशी झालेले अन्यायकारक करार बदलून घेण्यासाठी झगडत होता. अशा वेळी शिकणाऱ्या पोरांनी अमेरिकनांना त्यांच्याच खेळात लोळवलं, ही बातमी देशभर पसरली.

मग विरोधही आला. १९११ मध्ये तोक्योच्या 'आसाही' वृत्तपत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर लेखमाला चालवली. नितोबे इनाझोंसारख्या विद्वानाने त्याला खिसेकापूंचा खेळ म्हटलं : सतत समोरच्याला फसवायचं, बेस 'चोरायचा', म्हणजे चेंडू फटकावलेला नसतानाही पुढच्या थांब्यावर पळायचं. आणि चारच वर्षांनी, १९१५ मध्ये, 'आसाही'च्याच ओसाकाच्या आवृत्तीने शाळांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. ती १९२४ पासून हानशिन रेल्वे कंपनीने बांधलेल्या कोशिएन मैदानावर भरते. माझ्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आणणारी ती हीच.

आता माझा सगळ्यात जवळचा प्रसंग. नोव्हेंबर १९३४. 'योमिउरी' वृत्तपत्राचे मालक शोरिकी मात्सुतारो यांनी अमेरिकन संघ बोलावला : बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, व्यवस्थापक कॉनी मॅक. तोक्योतल्या गिंझाच्या रस्त्यावर माणसांचा पूर आला होता. रूथने त्या दौऱ्यात १३ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि अमेरिकन संघ एकही सामना हरला नाही. पण २० नोव्हेंबरला शिझुओकाच्या कुसानागी मैदानावर सावामुरा एइजी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, उभा राहिला. त्याने गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना ओळीने स्ट्राइक आउट केलं, म्हणजे फटका बसू न देता बाद केलं. सातव्या डावात गेरिगने एक होम रन मारला आणि जपान १-० ने हरला. जपानात आजही तो सामना जिंकल्यासारखा सांगतात.

त्याच डिसेंबरमध्ये जपानचा पहिला टिकलेला व्यावसायिक संघ उभा राहिला, आजचे योमिउरी जायंट्स. १९३६ मध्ये सात संघांची लीग सुरू झाली. मात्र परदेशी खेळाडू आणले म्हणून (त्यासोबत इतरही राग होते) फेब्रुवारी १९३५ मध्ये एका कट्टर राष्ट्रवाद्याने शोरिकींवर तलवारीने वार केला. ते बचावले. आणि ज्या दौऱ्याला लोक मैत्रीचा दौरा म्हणत होते, त्याच दौऱ्यातला मो बर्ग नावाचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू) तोक्योच्या सेंट ल्यूक रुग्णालयाच्या गच्चीवर जाऊन कॅमेऱ्याने शहराचं चित्रण करत होता.

सावामुराचं पुढे काय झालं? सैन्यात तीनदा बोलावणं आलं. हातगोळे फेकून फेकून खांदा गेला. २ डिसेंबर १९४४ रोजी तो ज्या जहाजावर होता ते अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. वय २७. आज जपानातल्या सर्वोत्तम पिचरला त्याच्या नावाचा पुरस्कार देतात, १९४७ पासून.

मला हा इतिहास 'अमेरिकेने दिला, जपानने घेतला' एवढ्यावर सोडवत नाही. दोन किनाऱ्यांच्या मध्ये उभं राहून ज्यांनी दोन्हीकडचे घाव झेलले त्या माणसांमुळे हा खेळ टिकला असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला अशी माणसं माहीत असतील तर जरूर लिहा. पुढची भर मी प्रतिसादांत घालते.

---

मंदार_चिपळूणकर :

सुंदर धागा! वाचनखूण साठवली आहे. एक शंका : योकोहामात इंग्रजही होतेच ना? मग जपानात क्रिकेट का नाही रुजलं?

---

सायली_तोक्यो :

@मंदार, होते की. योकोहामा क्रिकेट क्लब १८६८ चा, म्हणजे विल्सनच्या आधीचा. पण तो क्लब स्वतःपुरता राहिला. बेसबॉल मात्र शाळेच्या अंगणात आलं. तेव्हाच्या मेइजी सरकारने शिकवायला अमेरिकन शिक्षक नेमले, जपानी मुलंही अमेरिकेला शिकायला गेली. शिवाय दुपारी शाळा सुटल्यावर सुरू करून अंधार पडायच्या आत संपेल असा खेळ. दिवस दिवस चालणाऱ्या खेळाला शाळेत जागा कुठून मिळणार? माझ्या मते शिक्षकांचं कारण सगळ्यात मोठं.

---

वसुधा_पुणे :

सायली, फार मनापासून लिहिलं आहेस. इचिकोचा प्रसंग वाचताना मला बाळू पालवणकरांची आठवण आली. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर राबणारा चर्मकार समाजातला मुलगा, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करता करता तयार झाला, आणि १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं तेव्हा त्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. दहा वर्षांच्या अंतराने दोन देशांत एकच गोष्ट. फरक एवढाच की बाळूंना गोऱ्यांच्या क्लबाबरोबर आपल्याच लोकांच्या शिवाशिवीशीही लढावं लागलं. चहा बाहेर, वेगळ्या पेल्यात.

---

सायली_तोक्यो :

वसुधाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. इचिकोची मुलं उच्चभ्रू घरांतली होती, उद्याचे अधिकारी आणि मंत्री. बाळूंची लढाई कितीतरी अवघड. ही तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही.

---

ऋतुगंध :

मी कवितेच्या वाटेने इथे आले. हायकूकार मासाओका शिकी यांचं नाव धाग्यात का नाही? आपल्याकडे शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला, त्यामुळे बाशो-शिकी ही नावं आमच्या पिढीला ओळखीची. शिकी बेसबॉलवेडे होते एवढंच ऐकलं आहे. खरं आहे का?

---

सायली_तोक्यो :

@ऋतुगंध, अगदी खरं. शिकी विद्यार्थिदशेत कॅचर होते. पुढे क्षयाने अंथरुणाला खिळले, १९०२ मध्ये ३४ व्या वर्षी गेले. मैदानावर जाता येईना तेव्हा त्यांनी १८९६ मध्ये वृत्तपत्रात बेसबॉलची ओळख करून देणारे लेख लिहिले आणि इंग्रजी संज्ञांना जपानी शब्द दिले. फलंदाज म्हणजे 'दाशा', धावणारा म्हणजे 'सोशा'. आजही समालोचक हेच बोलतात, कुणाला ते भाषांतर आहे असं वाटतसुद्धा नाही. त्यांचं लहानपणीचं नाव नोबोरू. 'नो' म्हणजे रान, आणि 'बोरू' म्हणजे जपानी उच्चारातला 'बॉल'! याच चित्रलिपीत त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, तीच अक्षरं पुढे 'याक्यू' म्हणून रूढ झाली. म्हणून पुष्कळांना हा शब्द शिकींचाच वाटतो, पण खेळासाठी तो वापरला चुमाननेच. उएनो बागेत शिकींच्या नावाचं छोटं बेसबॉल मैदान आहे. रविवारी गेलात तर हमखास पोरांचा सामना सुरू असतो.

युद्धात मात्र भाषेचीच गळचेपी झाली. इंग्रजी शत्रूची भाषा ठरली. १९४३ मध्ये अंपायरने 'स्ट्राइक' (फलंदाजाला खेळता येईल असा योग्य चेंडू) याऐवजी 'योशी', म्हणजे ठीक, आणि 'बॉल' (आपल्या वाइडसारखा भरकटलेला चेंडू) याऐवजी 'दामे', म्हणजे नाही चालणार, असं ओरडायचं असा फतवा निघाला. व्हिक्टर स्टार्फिन हा रशियात जन्मलेला जायंट्सचा थोर पिचर. त्याला नाव बदलून 'सुदा हिरोशी' व्हावं लागलं. तरी शेवटी त्याला नजरकैदेत ठेवलंच.

---

ऋतुगंध :

आजारी कवीने अंथरुणावरून खेळाला शब्द द्यावेत... हे वाचून आज दुसरं काही वाचवणार नाही. धन्यवाद सायली.

---

देशपांडे_सॅन_होजे :

नमस्कार. मी कॅलिफोर्नियात पंचवीस वर्षं आहे, त्यामुळे या बाजूची एक भर घालतो. फ्रेस्नोला आमचं कामानिमित्त जाणं असतं. तिथे केनिची झेनिमुरा हे नाव जपानी-अमेरिकन लोक फार आदराने घेतात.

जन्म हिरोशिमाचा, १९००. वाढले हवाईत. नंतर फ्रेस्नोत आले आणि जपानी-अमेरिकन मुलांचे संघ बांधले. जेमतेम पाच फूट उंचीचा माणूस. १९२७ मध्ये रूथ आणि गेरिग फ्रेस्नोत प्रदर्शनीय सामना खेळायला आले तेव्हाचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्या दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये हे उभे. हेच झेनिमुरा आपले संघ घेऊन १९२४ पासून तीनदा जपानला गेले.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकेने सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक. झेनिमुरांची रवानगी ॲरिझोनाच्या वाळवंटात, गिला रिव्हर छावणीत झाली. तिथे त्यांनी मुलांना हाताशी धरून मैदान बांधलं. झुडपं उपटली, जमीन सपाट केली, पाणी वळवून आणलं, कुंपणाचे खांब आणि लाकूड मिळेल तिथून आणून बसायला बाकं केली. छावणीत ३२ संघ झाले. १८ एप्रिल १९४५ रोजी छावणीतल्या शाळेच्या संघाने बाहेरून आलेल्या टूसॉन हायस्कूलच्या तगड्या संघाला दहाव्या डावात ११-१० ने हरवलं. ज्या देशाने तारेच्या कुंपणात कोंडलं, त्याचाच खेळ त्यांनी तिथे जिवंत ठेवला. मी मराठी शाळेतल्या मुलांना दरवर्षी ही गोष्ट सांगतो. बाहेरून आलेल्या माणसाचं नागरिकत्व किती पातळ असू शकतं, हे त्यांना कळलं पाहिजे.

झेनिमुरांची दोन मुलं १९५३ मध्ये हिरोशिमा कार्प संघाकडून खेळायला जपानला गेली. अणुबॉम्बने बेचिराख झालेल्या वडिलांच्या जन्मगावी.

---

सायली_तोक्यो :

देशपांडेकाका, अशाच प्रतिसादासाठी हा धागा काढला होता. कार्प संघाबद्दल एक : त्यामागे कुणी मोठी कंपनी नव्हती. पैसे संपले की मैदानाच्या दाराशी साकेचं (तांदळाच्या दारूचं) पिंप ठेवायचे आणि लोक येता-जाता त्यात नाणी टाकायचे. घर पडलेलं, घरातली माणसं गेलेली, आणि तरी संघासाठी खिशातलं नाणं काढणारे लोक!

आणि युद्धानंतरचे दोघे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिला लेफ्टी ओ'डूल, सॅन फ्रान्सिस्कोचा बेसबॉलपटू. १९३१ मध्ये तो पहिल्यांदा जपानला आला आणि जपान्यांना खेळ शिकवण्यात रमला. १९३४ चा दौरा जमवण्यात त्याचा हात होता. 'जायंट्स' हे नावही त्याच्याच सूचनेतून आलं. युद्ध संपलं तेव्हा तोक्योचं जिंगू मैदान अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होतं. भुकेले, हरलेले, खचलेले लोक. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये ओ'डूल सॅन फ्रान्सिस्को सील्स संघ घेऊन आला. मैदानावर अमेरिकेच्या झेंड्याशेजारी जपानचा झेंडा चढला. ताब्याखालच्या देशात स्वतःचा झेंडा फडकताना पाहून लोक ढसाढसा रडले. २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये ओ'डूलचं नाव लागलं. शिकींचंही त्याच वर्षी!

दुसरा वॉली योनामिने. माउई बेटावरचा, ऊसमळ्यात राबणाऱ्या घरातला. वडील मूळचे ओकिनावाचे, आईचं घराणं मूळचं हिरोशिमाचं. आधी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन फुटबॉल खेळला. ओ'डूलच्या सल्ल्याने १९५१ मध्ये जायंट्सकडे आला, युद्धानंतर जपानी लीगमध्ये आलेला पहिला अमेरिकन. जपानी बोलणं मोडकं, चेहरा जपानी, पासपोर्ट अमेरिकन. तो बेसवर जीव खाऊन धावायचा, समोरच्याच्या पायांत घसरत जायचा. हे जपान्यांना असभ्य वाटलं. प्रेक्षक शिव्या द्यायचे, दगड फेकायचे. त्याच्या बायकोमुलांना हे ऐकत बसावं लागायचं. पण हळूहळू सगळे तसंच धावायला शिकले. तीनदा तो लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला. जायंट्सनी सोडल्यावर चुनिची ड्रॅगन्सकडे गेला, आणि १९७४ मध्ये त्याच ड्रॅगन्सचा व्यवस्थापक म्हणून त्याने जायंट्सची सलग नऊ वर्षांची मक्तेदारी मोडली.

---

निखिल_नागपूर :

लेख उत्तम, पण एक वेगळा सूर लावतो. कोशिएनचं हे रडणं-माती प्रकरण मला तितकं हळवं करत नाही. १९९८ मध्ये मात्सुझाका दाइसुकेने एका सामन्यात १७ डाव टाकून २५० चेंडू फेकले. तो तेव्हा शाळेत होता! हे शौर्य म्हणून दाखवतात. मी स्वतः शाळेत सॉफ्टबॉलमध्ये खांदा घालवून बसलोय, प्रशिक्षक 'सहन कर' म्हणायचे. म्हणून हे टोचतं.

---

सायली_तोक्यो :

@निखिल, तुझं टोचणं रास्त आहे आणि मी ते मान्य करते. याचं मूळ थेट इचिकोत आहे. तिथे सरावात चेंडू लागला तर 'दुखतंय' म्हणायची बंदी होती, फार तर 'खाजतंय' म्हणायचं. विल्सनने मुलांचे पाय मोकळे व्हावेत म्हणून आणलेला खेळ तिथे तपश्चर्या झाला. २०२० पासून शाळांच्या स्पर्धेत एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली आहे. मला तीही जास्तच वाटते. तुझा खांदा आता बरा असावा अशी मनापासून इच्छा.

---

अश्विनी_ठाणे :

लहानपणी टीव्हीवर जपानी कार्टूनमधली मुलं रिकाम्या प्लॉटवर बेसबॉल खेळताना पाहायचो, त्याची आठवण झाली. माझ्या मुलाला अमेरिकेत खेळणाऱ्या ओतानीचं वेड आहे. जपानी खेळाडू अमेरिकेत जायला कधी लागले?

---

सायली_तोक्यो :

@अश्विनी, पहिला मासानोरी मुराकामी. नानकाई हॉक्स संघाने १९६४ मध्ये त्याला शिकायला पाठवलं, तेही देशपांडेकाकांच्या फ्रेस्नोतच. सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्याला वर बोलावलं. मग दोन्ही संघांत तो कुणाचा यावरून भांडण जुंपलं. तडजोड म्हणून १९६५ चा हंगाम तिथे खेळून तो परतला, आणि दार तीस वर्षं बंद झालं. जपानात ८६८ होम रन मारणाऱ्या सादाहारू ओहची सगळी कारकीर्द त्या बंद दाराच्या अलीकडेच गेली. १९९५ मध्ये नोमो हिदेओने करारातली पळवाट शोधली : 'निवृत्त' होऊन बाहेर पडायचं आणि अमेरिकेत सही करायची. इथे त्याला गद्दार म्हणाले. लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि सकाळी कामावर जाताना लोक स्टेशनबाहेरच्या मोठ्या पडद्यांसमोर थांबू लागले. इचिरो, ओतानी हे सगळे त्याने उघडलेल्या दारातून गेले. इचिरोने २००४ च्या हंगामात २६२ हिट्स (बेसवर पोचवणारे फटके) मारून १९२० चा जॉर्ज सिसलरचा विक्रम मोडला. ओतानीचं तुमच्या चिरंजीवांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार! २०२३ च्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या चेंडूवर त्याने अमेरिकेच्या माइक ट्राउटला बाद केलं तेव्हा इथे सकाळ होती आणि आमच्या ऑफिसात एकाही माणसाने काम केलं नाही.

---

वसुधा_पुणे :

सायली, ती माती पिशवीत भरतात त्याचं पुढे काय करतात गं?

---

सायली_तोक्यो :

वसुधाताई, घरी बाटलीत ठेवतात, शाळेच्या मैदानात मिसळतात. पण एका संघाची माती घरी पोचलीच नाही.

१९५८ मध्ये ओकिनावाची शुरी हायस्कूल कोशिएनला आली. ओकिनावाचा हा पहिलाच संघ. युद्धानंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, मुलांना जपानात यायलाही पासपोर्ट लागला. पहिलाच सामना हरली. रीतीप्रमाणे माती भरून घेतली आणि जहाजाने निघाली. नाहा बंदरात उतरताना ती माती परदेशी ठरली. रोगराई येऊ नये म्हणून परदेशातली माती आणायला बंदी होती, म्हणून ती समुद्रात टाकून देण्यात आली.

ही बातमी वाचून जपान एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींना राहवलं नाही. मातीला बंदी आहे, दगडांना नाही. त्यांनी कोशिएनवरचे खडे गोळा करून शुरीला पाठवले. शाळेत त्यांचं स्मारक आहे, खडे त्यात बसवलेले आहेत. ओकिनावा १९७२ मध्ये जपानला परत मिळालं. २०१० मध्ये उन्हाळी कोशिएन ओकिनावाच्या कोनान शाळेने जिंकलं.

गेल्या मार्चमध्ये मी नाहाला गेले होते. शाळेच्या फाटकातून आत सराव चाललेला दिसत होता. चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.